निवडलेलं पुन्हा मिसळू नये

माझी बायको सुमन गेली त्या सकाळी जो तो दारात येऊन म्हणत होता, "सुटली बिचारी." दीड महिना झाला, अजून ते आठवलं की माझं डोकं सणकतं. कशातून सुटली? विसरण्याच्या आजारातून? त्या आजारापेक्षा आम्ही माणसांनीच तिला जास्त छळलं, आणि त्यात पहिला मी.

तीन वर्षांपूर्वी ती भाजीत दोनदा मीठ टाकायला लागली, मग शेजारचं घर आपलं समजून आत शिरायला लागली. नंदुरबारच्या डॉक्टरांनी सांगितलं, औषधानं फार फरक पडायचा नाही, पण डोकं आणि हात चालू ठेवा. गप्पा मारा, जुनी गाणी म्हणायला लावा, धान्य वेगळं करायला द्या. चांगलंच सांगितलं होतं. मी चौथी शिकलेला, मी त्याची शाळा करून टाकली. उठल्याबरोबर विचारायचो, आज वार कोणता? पाहुणा आला की तोही परीक्षा घ्यायचा. माझा भाचा तर दारातूनच ओरडायचा, "मामी, मी कोन शे, सांग!" एकदा ती म्हणाली, "तुले माहीत नही का, भाऊ? मंग तुन्ही मायले इचार." सगळे हसले. ती हसली नाही.

धान्याचं काम मात्र तिला आवडलं. आमच्या शेताचं बियाणं लग्नापासून तीच निवडायची. तिच्या हाताखालून किडका दाणा कधी गेला नाही. मी ताटात मूग आणि हरभरे एकत्र करून द्यायचो, ती ओट्यावर बसून मान वर न करता दोन वाट्या भरायची. भरल्या की मी आत नेऊन पुन्हा ताटात ओतायचो. रोज तेच धान्य. मला ती माझी हुशारी वाटायची... एक दिवस ती मागोमाग आत आली. मी ओतत होतो.

"हाई मी निवाडेल व्हतं," ती म्हणाली. "तुम्ही माले येडी समजतस का?"

मी म्हणालो, डॉक्टरांनी सांगितलंय. हे काय उत्तर झालं? जिला वार आठवत नव्हता, पोटच्या लेकाचं नाव आठवत नव्हतं, ती नेमकं हे विसरली नाही. कितीदा मनात आलं, अगं, एवढं तरी विसर! त्यानंतर मी ताट पुढं ठेवलं की ती दोन्ही हात मांडीखाली घालून बसायची.

पुढं शेजारची म्हातारी जिजी, नजर अधू झालेली, सुपात तुरीची डाळ घेऊन आली. "सुमन, एवढी निवाडी दे वं, मन्हा डोया गयात." सुमन लगेच सरसावून बसली. ती डाळ खरोखर कोणाच्या तरी चुलीवर जाणार होती, आणि तिला ते कळत होतं. मग मीच घरोघर सांगून आलो, निवडायचं असेल ते आणून द्या. बायका आणायच्या. पण मी जवळ गेलो की ती सूप छातीशी ओढून घ्यायची. मी माफी मागितली, एकदा नाही, चारदा. "बरं," म्हणायची, आणि सूप काही सोडायची नाही. शेवटपर्यंत.

गेल्या आठवड्यात जिजी एक डबा ठेवून गेली. सुमननं निवडलेली शेवटची डाळ. सुनेनं ती पुन्हा निवडायला ताट घेतलं. "बाबा, एक डाव देखी लेस, खडा व्हतीन."

"तिनी निवाडेल शे," मी इतक्या जोरात ओरडलो की ती दचकली. "हात लावू नको."

डाळ तशीच शिजली. दुसऱ्याच घासाला दाताखाली खडा आला. तो ताटाच्या कडेला ठेवला आणि जेवत राहिलो.