मुठीतल्या मिरच्या

पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात मी वजनकाट्यावर असतो, तिथं एक बाई रोज दिसतात. मिरचीच्या व्यापारी आहेत. लिलावाआधी बाकीचे व्यापारी मिरची मोडून बघतात. बाई त्यांच्या गाड्या बघून येतात. मग जितके व्यापारी, तितक्या सांडलेल्या मिरच्या उचलून मुठीत धरतात. एखाद्याची गाडी भरली की मुठीतली एक मिरची खाली टाकतात.

पहिल्या ढिगांवर सगळे तुटून पडतात तेव्हा बाई गप्प. ढीग किती उरले आणि मुठीत किती उरल्या, एवढंच बघतात. मुठीत दोन-तीन राहिल्या की मगच तोंड उघडतात आणि बराबर स्वस्तात माल उचलतात. मला हे कळायला दोन हंगाम लागले.

परवा शेवटचा एक ढीग राहिला. सगळे भरून गेल्ते, बाईंची मूठ रिकामी. ढिगामागचा शेतकरी पोती झटकत होता, भाव ऐकायचीही त्याला हौस उरली नव्हती. बाईंनी वाकून त्याच्याच ढिगातली एक मिरची मुठीत धरली आणि समोर अजून एक व्यापारी उभा असल्यासारखा भाव बोलल्या.

"बाई, निम्म्यात भेटला असता की," मी म्हणालो.

"आज निम्म्यात नेला त उद्या हा दुसऱ्या बाजारात जाईन. मंग उद्या मी काय घेऊ, भाऊ?"

असं म्हणून त्यांनी मुठीतली ती मिरची काट्यावर ठेवली, आणि तिच्यासकट वजन धरायला लावलं.