पुसायची सोय

दवाखान्याचा सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणायचे, पण टरकूनही असायचे. बाई खमकी. सेटिंगला कुणी हात लावला, की नावासकट नोंद आपोआप दुसऱ्या मशीनवर जायची.

एकदा मोठ्या साहेबांनी हौसेनं एक सेटिंग बदललं आणि सगळे संगणक ठप्प झाले. ताईंनी ते निस्तरलं. मग साहेब हळूच त्यांच्या खोलीत आले.

"ताई, तेवढी माझी नोंद पुसून टाका ना."

"नाही पुसता येत. ती सोय मी स्वतःसाठीसुद्धा ठेवलेली नाही."

"एवढा कसला अविश्वास?"

ताईंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. नोंदींच्या यादीत सगळ्यात जुन्या घोळापुढे ताईंचंच नाव होतं.

"हे पुसायला माझेच हात शिवशिवले होते, साहेब. म्हणून तर कुलूप लावलं."