दुबईचा मामा

तुम्हीच सांगा, माणसानं भरवसा कुणावर ठेवावा? गोड बोलणाऱ्यावर, का वही उघडून दाखवणाऱ्यावर? तीस वर्षं मी उमरग्यात कापडाचं दुकान चालवतोय. शाळा सातवीत सुटली, पण गिऱ्हाईक पायरी चढतानाच सांगतो, हा साडी घेणार का नुसत्या घड्या मोडून जाणार. असा मी हुशार. आणि ह्याच हुशारीनं शेजारच्या पोराची नोकरी घालवायला निघालो होतो. ऐका.

आमच्या दुकानाला लागून कमलाक्कांची पिठाची गिरणी. त्यांचा वैभव इंजिनिअर झाला. हैदराबादेत संरक्षण खात्याच्या कुठल्याशा प्रयोगशाळेत त्याची निवड झाली. पण रुजू व्हायचं पत्र काही येईना. अक्का रोज विचारायच्या, "शेठ, सरकारचं टपाल बैलगाडीनं येतंय का?"

अशात एका दुपारी दुकानात एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, काखेत फाईल. म्हणाले, "शेजारच्या वैभवबद्दल थोडी चौकशी करायची होती."

मी लगेच ओळखलं. मुलीकडचे. आमच्या भागात लेक द्यायच्या आधी त्या घरचा बस्ता ज्या दुकानात होतो, तिथं चौकशी होतेच. लग्नाची कापडं किती घेतली, पैसे कसे दिले, हे कापडवाल्याइतकं कुणाला ठाऊक? आणि आमचा दंडक असा, की सोयरीक जुळत असली तर चार गोष्टी वाढवून सांगायच्या. तेवढंच पुण्य, आणि बस्ताही आपल्याकडंच.

ते खिशातून काहीतरी काढायला लागले, तर मी हात धरून त्यांना गादीवर बसवलं. "ओळखपाळख होईल सावकाश. आधी चहा."

"मुलगा कसा आहे?"

"सोनं. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात घालत नाही."

"संगत?"

"मोठ्या लोकांत ऊठबस. आमदार खांद्यावर हात टाकून बोलतात." पोरानं आमदार बघितला होता तो फक्त फ्लेक्सवर.

"कर्ज, उधारी?"

आता त्याच्या बहिणीच्या बस्त्याचे एकोणीस हजार माझ्याकडंच बाकी होते. वैभव शिकवण्या घेऊन महिन्याला दोन हजार आणून द्यायचा, एकदाही चुकला नाही. पण मुलीच्या घरच्यांना हे सांगायचं असतं होय?

"एक रुपया नाही साहेब. उलट लोकच त्याचं देणं लागतात."

गृहस्थ सगळं लिहून घेत होते. म्हटलं, घरी बायकांना वाचून दाखवायचं असेल.

"परदेशात कुणी नातेवाईक?"

हल्ली मुलीकडच्यांना ह्याची फार हौस. "आहे की. सख्खा मामा दुबईला, सोन्याच्या धंद्यात. दर महिन्याला भाच्याला पैसे पाठवतो."

त्यांचा पेन थांबला. "दर महिन्याला?"

"कधी कधी दोनदा."

मग त्यांनी कागद पुढं करून सही मागितली. मी सही केली, वर दुकानाचा शिक्काही मारला. उगाच कमी नको. "आता तुमचं बोला. मुलगी किती शिकलीय?"

"कुठली मुलगी?"

मघाशी मी काढू दिलं नव्हतं ते ओळखपत्र त्यांनी आता काढलं. ज्याच्या हाती सरकारी गुपितं द्यायची तो माणूस कसा आहे, हे तपासणारे अधिकारी होते ते. फाईलमधला वैभवनं भरलेला फॉर्म त्यांनी माझ्यापुढं धरला. देणं: उमरग्यातलं कापड दुकान, पंचवीस हजार, बहिणीच्या लग्नासाठी, महिन्याला दोन हजार फेड. परदेशात नातेवाईक: कुणी नाही.

"शेठ, देणं असलं म्हणून आम्ही कुणाला अडवत नाही," साहेब म्हणाले. "बुडवलेलं आणि लपवलेलं अडवतं. जो लपवतो, त्याला त्याच गोष्टीची भीती घालून कुणीही वाकवू शकतो. ह्यानं उधारी लिहिली, पण दुबईहून पैसे येतात ते लिहिलं नाही. आता ही फाईल मी पुढं कशी पाठवू?"

मी कप खाली ठेवला. "साहेब, मामा दुबईला नाही."

"मग कुठं आहे?"

इथं तरी खरं बोलावं की नाही? मी म्हणालो, "बार्शीला." का म्हणालो, ते तुळजापूरच्या आईलाच ठाऊक.

साहेबांनी कमलाक्कांना बोलावलं. त्या पिठाच्या हातानंच आल्या. "बाई, तुमचे भाऊ कुठं असतात?"

"मला भाऊच न्हाय साहेब. आमी चौघी बहिणी."

साहेबांनी माझा जबाब मोठ्यानं वाचून दाखवला. अक्का माझ्याकडं वळल्या. "का ओ शेठ, राखी बांधायला भाऊ न्हाय म्हणून म्या जलमभर रडले, आन तुमी एका चहात भाऊ काढला? त्यो बी सोन्याचा यापारी?"

"अक्का, मी पोराच्या भल्यासाठी..."

"भलं करायचं हुतं तर गप बसायचं. पोराच्या नोकरीवर पाणी फिरलं म्हंजी?"

मी धावत जाऊन उधारीची वही आणली. साहेबांनी बोट ठेवून एकेक नोंद बघितली. फॉर्म भरला तेव्हा पंचवीस, त्यानंतर तीन हप्ते, बाकी एकोणीस. त्यांनी वही मिटली. "पोराचा आकडा आणि तुमची वही जुळते. तुमचं तोंड तेवढं जुळत नाही."

मग दुसरा जबाब लिहिला: वैभवचं नाव सोडून आधीचं सगळं खोटं आहे.

"सुपारीचंसुद्धा?" साहेबांनी विचारलं.

"नाही, ते खरं आहे."

"मग तसं लिहा."

लिहिलं. जाताना साहेब चहाचे दहा रुपये गादीवर ठेवून गेले.

त्यानंतर पत्र येईपर्यंत अक्का माझं दळण दळून द्यायच्या, पण बोलायच्या नाहीत. मला तर ती गिरणी बंद असली तरी ऐकू यायची. शेवटी पत्र आलं. वैभव रुजू झाला, आणि पहिल्या पगाराला गावी आला तो थेट दुकानात. राहिलेली सगळी बाकी मोजून माझ्या हातात दिली आणि उभाच राहिला.

"काय रे, बस की."

"काका, पावती द्या."

"आजवर कधी मागितली नाहीस ती?"

"आता मागावी लागती काका. तुमच्या तोंडी शब्दावर इसंबू नये, असं सरकारदरबारी लेखी गेलंय. आणि खाली सही तुमचीच हाय."

दिली पावती. काय करता?

तेव्हा मंडळी, एवढी एक विनंती आहे. आपला हिशेब असेल तसा लिहून ठेवा, आणि कुणी विचारलं तर तोच आकडा सांगा. कुणाच्या भल्यासाठी म्हणूनसुद्धा त्यात एक रुपया इकडचा तिकडं करू नका.