पुसलेला ठोका

आयुष्य घालवून वाजवलेल्या बँडचा कोणता अल्बम मोलाचा, हे कोणी ठरवायचं? हार घेऊन आलेल्यांनी?

सातपूरला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एका जुन्या रॉक बँडचे ड्रमर काका राहत. कारखान्यातून निवृत्त झालेले. कोणी गाण्यावर बोलायला लागलं की बोट वर करून म्हणत, "आवाज वाढव, मत नंतर दे."

बँडचे तीन अल्बम. पहिला गाजला, गणपतीत अजून वाजतो. तो कानावर पडला की काका गॅलरीतून ओरडत, "बंद कर रे! नुसती मुंबईच्या पोरांची नक्कल होती ती!"

काकू आतून म्हणत, "त्याच नकलेवर भाळले मी."

तिसऱ्यात मात्र त्यांचा जीव. मित्राच्या वर्कशॉपमध्ये, पत्र्यावर ठोके मारणाऱ्या चालू पॉवर प्रेसशेजारी मुद्दाम रेकॉर्ड केलेला. मुख्य ठोका प्रेसचा, काका त्यामधल्या जागा भरत. गाणी होती अशाच प्रेसखाली बोटं गेलेल्या कामगारांची.

गेल्या वर्षी एका सांस्कृतिक मंडळाने बँडचा सत्कार ठरवला. निवडक अल्बम नव्याने काढणार होते. बैठकीला काकांबरोबर मीही गेले. अध्यक्ष म्हणाले, "तिसरा वगळू. ड्रम लंगडा वाटतो."

"लावा," काका म्हणाले.

गाणं लागलं. प्रेसचा ठोकाच नव्हता!

"फार खडखड होती, साफ करून घेतली," अध्यक्ष कौतुकाने म्हणाले.

"साफ? अहो, कणा काढून घेता आणि वर म्हणता, पेशंट वाकडा चालतो?"

"काका, ठराव झालाय. शिवाय असली रडगाणी सत्काराला शोभत नाहीत."

"मग सत्कार तुमचा तुम्हीच करून घ्या!" म्हणत काका बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मंडळाला दिलेली आपली मूळ टेप परत मागितली. "शोधतो," अध्यक्ष म्हणाले. अजून शोधताहेत.

दिवाळीआधी काका गेले. शोकसभेत याच मंडळाने पहिला अल्बम वाजवला, आणि लोकांनी माना डोलावल्या. कामगारांचा बँड हवा, कारखान्याचा आवाज नको! तुटलेली बोटं पुसून उरलेल्या गोडव्याला हे वारसा म्हणतात. न ऐकता निकाल देतात आणि वर फुलं वाहतात!

सातपूरकरांनो, शेजारच्या अंबडकरांनो, तो अल्बम काकांनी कारखान्यांच्या गेटवर उभं राहून विकला होता. तुमच्यापैकी कोणाच्या तरी माळ्यावर ती कॅसेट असणारच. आज माळा उपसा. सापडली तर मंडळाला देऊ नका, कोणाकडून साफही करून घेऊ नका. आमच्या तळमजल्यावर आणा. काकूंचा टेपरेकॉर्डर अजून चालतो.