राजूर घाटातली घागर

डोळे गेलेल्या माणसाला देवदर्शनाला नेऊन काय साधणार, असं मला मनातून वाटत होतं. पण मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, देऊळगावराजाच्या बालाजीला जुना नवस होता. डोळे शाबूत असताना बोललेला आणि राहून गेलेला. हे कामाला होते त्या कापसाच्या जिनाच्या मालकाकडून ह्यांनी जुनी जीप मागून आणली आणि आश्विनातल्या एका सकाळी आम्ही तिघं निघालो. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील.

खरं तर माझं मन वेगळ्याच कारणानं जड होतं. मी हट्टानं वेगळी चूल मांडली, तेव्हापासून मामाजी माझ्याशी बोलत नव्हते. तीन वर्षं झाली होती. एकाच अंगणात राहून त्यांचं ताट मी जाऊबाईंकडे वाढलेलं पाहायची. त्या दिवशी ते पुढे बसले होते, मी मागे, पदर सावरत.

मोताळा मागे पडलं आणि राजूर घाट सुरू झाला. रस्ता इतका अरुंद, की समोरून बैलगाडी आली तर ह्यांना जीप दरडीला चिकटवून थांबवावी लागे. अर्ध्या चढावर इंजिन तापलं, वाफ उसळली आणि गाडी उभी राहिली. बरोबरचं पाणी कधीच संपलं होतं. खालून ओढ्याचा आवाज येत होता, म्हणून हे डबा घेऊन वाट शोधायला गेले. जीपमध्ये आम्ही दोघंच उरलो.

मामाजी समोर तोंड ठेवूनच म्हणाले, “सूनबाई, काय दिसून राह्यलं, मले सांग.”

मी पुढे सरकले आणि हळूहळू सांगू लागले. साग फुललाय, झाडांवर पांढरे तुरे आहेत. खाली घाटाखालची सगळी शेतं, ज्वारी हिरवीगार, पार तिकडे सातपुड्याची निळी रेघ. आणि रस्त्याकडेच्या सीताफळांनी डोळे... एवढं बोलून मी जीभ चावली.

“डोळे उघडले म्हन ना, पिकाले आले,” ते म्हणाले, आणि हसले. मीही हसले, रडले, दोन्ही. मग मी सांगत राहिले आणि ते विचारत राहिले.

हे हात हलवत परत आले. आवाज होता, पण उतरायला वाट नव्हती. तेवढ्यात वरच्या पायवाटेनं एक बाई उतरली. पन्नाशीची, डोक्यावर भरलेली घागर. वळणावरच्या शेंदरी देवाला आंघोळ घालायला ती वरच्या झऱ्याचं पाणी आणत होती. आमची अडचण ऐकून तिनं घागर ह्यांच्यापुढे धरली. देवासाठीचं पाणी गाडीत कसं ओतायचं, म्हणून मी संकोचले.

“देव काही पयून नाही जात, बाई,” ती म्हणाली. “त्याले उद्या आनीन.”

एव्हाना इंजिन निवलं होतं; ह्यांनी पाणी ओतलं. आम्ही नाव विचारायच्या आत ती रिकामी घागर कमरेवर घेऊन चढून गेलीसुद्धा.

बुलढाणा, चिखली करत दुपारी देऊळगावराजाला पोचलो. मामाजींचा हात मी देवळाच्या उंबऱ्याला लावला. ते कितीतरी वेळ तसेच वाकून राहिले. मी घरून खूप काही मागायचं ठरवून आले होते, त्यातलं एकही आठवलं नाही. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि मला काही कमी नव्हतं.

ती बाई कोण होती, याचा मी कधी खल केला नाही. ती जवळच्या वस्तीवरची असेल. पण देवासाठी भरलेलं पाणी तिनं ज्या सहजतेनं दिलं, तसं मला माझं ‘मीच बरोबर’ कधी सोडता आलं नव्हतं. बालाजीनं ते त्या घाटात माझ्याकडून अलगद काढून घेतलं, असं मी मानते. अजूनही दारात कुणी पाणी मागितलं, की मी आधी तांब्या भरून देते. ते कुणासाठी ठेवलं होतं, हे मग आठवते.