माळावर उभा राहिलेला शिपाई

नुर्मेस गावात यार्मो कुइत्तिनेनला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, कारण पुस्तकांची गाडी तोच चालवतो. ती लांबलचक निळी बस घेऊन तो जंगलातल्या वस्त्यांवर जातो, म्हाताऱ्यांना रहस्यकथा देतो, पोरांना चित्रांची पुस्तकं देतो आणि जमेल तितक्या उजेडी घरी परततो. उजेडी अशासाठी की यार्मो भित्रा आहे. उगाच आडून कशाला बोला, तो स्वतःच सांगतो. निसरड्या बर्फाला भितो, रस्त्यावर आडव्या येणाऱ्या हरणाला भितो, फोन वाजला की भितो आणि बराच वेळ वाजला नाही तरी भितो. ताक फुंकून पिणारे पुष्कळ असतात, हा गडी पाणीही फुंकून पिईल.

असा माणूस दर रविवारी दुपारी लढाईवर जायचा. म्हणजे घरातच, मागच्या खोलीत, कॉम्प्युटरसमोर, कानांना हेडफोन लावून. त्याची बायको रौनी दारातून डोकावायची.

"काय रे, मेलास का आज?"

"नाही."

"मग कुणाला मारलंस?"

"छे."

"अगं बाई! मग दुपारभर केलंस तरी काय?"

"चाललो," यार्मो म्हणायचा.

आणि ते खरंच होतं. त्यांच्या त्या खेळात बंदुकीपेक्षा पायांना काम जास्त. गोळी कुठून येईल ते कळत नाही, आणि एक लागली की माणूस खलास. म्हणून सगळी कला या आडोशापासून त्या आडोशापर्यंत जिवंत पोचण्याची. जोडीजोडीनं पुढे सरकायचं. एकानं "निघालो" म्हणून धावायचं, तोवर दुसऱ्यानं पालथं पडून समोर नजर ठेवायची. धावणाऱ्यानं एका श्वासात जेवढं जमेल तेवढंच अंतर तोडायचं, धोंडा नाहीतर खड्डा गाठून अंग टाकायचं आणि सांगायचं, "बसलो." ते ऐकल्याशिवाय मागच्यानं डोकं वर काढायचं नाही. आणि काहीही झालं तरी उघड्यावर उभं राहायचं नाही.

सैन्यातल्या दिवसांत यार्मोला हे सगळं शिकवलं होतंच, इथल्या प्रत्येक पोराला सक्तीच्या सैन्यसेवेत शिकवतात. जोडीचा माणूस सोडायचा नाही, हा तर पहिला धडा. पण पहिला बार झाला आणि यार्मोचे हात जे लटपटायला लागले ते थांबेनात. त्याला ब्लँकेटांच्या गोदामात बसवलं आणि उरलेली नोकरी त्यानं घड्या घालण्यात काढली. ती लाज इतकी वर्षं झाली तरी गेली नव्हती.

खेळात त्याच्या जोडीला कालेवी होता. कालेवी एकटा, विधुर, आयुष्यभर दुधाचा टँकर चालवलेला, आता वाल्तिमो गावाच्या पलीकडे जंगलात राहणारा. आवाज असा की ऐकणाऱ्याच्या छातीतली धडधड आपोआप खाली बसावी. पहिल्याच रविवारी यार्मो एका भिंतीमागे चिकटून बसला होता आणि पुढे सरकायला तयार नव्हता, तेव्हा कालेवी म्हणाला होता, "अख्खा माळ कशाला बघतोस, बाबा? पुढचा धोंडा बघ. तेवढाच आपला." त्या दिवसापासून यार्मो त्याच्या आवाजाच्या जोरावर धावत होता.

चार वर्षं एकत्र खेळूनही दोघं एकमेकांना कधी भेटले नव्हते. कालेवी बोलवायचा. "ये रे एकदा. तळ्यातले मासे धुरावर भाजून ठेवतो. मोठ्या रस्त्यावरून डावीकडे वळ, पिवळी टपालपेटी दिसली की आत." यार्मो म्हणायचा, बघू, रस्ता खराब आहे. खरं सांगायचं तर एकदा उन्हाळ्यात तो त्या पिवळ्या पेटीपर्यंत गेला होता. गाडी थांबवली, आत जाणाऱ्या वाटेकडे बघितलं, आणि समोरासमोर आपण याच्याशी बोलणार काय, या भीतीनं तसाच माघारी फिरला. कालेवीला त्यानं ते कधी सांगितलं नाही.

खेळातल्या त्यांच्या चौघांच्या तुकडीचा म्होरक्या ओस्सी. औलू शहरात वेल्डिंग शिकवणारा मास्तर, आवाज भोंग्यासारखा आणि जीभ कानशीसारखी. चौथी हिल्का, रौमा गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी. ओस्सीनं एक कायदा केला होता आणि त्याचा त्याला फार अभिमान: जो मेला त्यानं डाव संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही, आणि जिवंतांनी त्याला हाक मारायची नाही. खऱ्या लढाईत मेलेला माणूस गप्पा मारतो का? मग इथेही नाही. बोलायला एक कळ दाबावी लागायची, मेलेल्यानं ती दाबायची नाही, नुसतं ऐकत बसायचं.

तो रविवार एप्रिलमधला होता, बर्फ वितळून सगळ्या कच्च्या वाटांचा चिखल झाला होता. समोर ल्युलेओची तुकडी होती, म्हणजे शेजारच्या देशातले स्वीडिश, त्यांच्याशी जुनी चुरस, म्हणजे हरणं परवडणारं नव्हतं. यार्मो दगडी कुंपणामागे पालथा होता. पुढे उघडा माळ, पलीकडे कोठार.

"निघालो," कालेवी म्हणाला.

शब्द जाड आला, तोंडात घास असल्यासारखा. यार्मोला ते खटकलं. कालेवीचा शिपाई वाकून धावत गेला, माळाच्या मधोमध पोचला आणि थांबला. आणि ताठ उभा राहिला.

यार्मो "बसलो"ची वाट बघत राहिला. शिपाई उभाच. चार वर्षांत कालेवी उघड्यावर एकदाही उभा राहिला नव्हता. मग कोठाराकडून गोळी आली आणि शिपाई आडवा झाला.

ओस्सी खदाखदा हसला. "बघितलंत? पुतळा झाला म्हाताऱ्याचा! कॉफी उकळायला गेला वाटतं!"

"कालेवी?" यार्मो म्हणाला. "कालेवी, ठीक आहेस ना?"

"ए यार्मो! कायदा काय आपला? मेलेला माणूस बोलत नाही. पुढे चल."

"अरे पण तो उभा राहिला…"

"तुला दर रविवारी काहीतरी दिसतं. मागच्या खेपेला झाडाचा बुंधा बघून 'रणगाडा' म्हणून किंचाळलास. चल, हिल्का वाट बघतेय."

हिल्काही हसली, वाईट हेतूनं नव्हे. कालेवीचं काहीतरी बिनसलंय, अशी यार्मोला भीती वाटत होती. पण त्याला आणखी एक भीती होती, हसू होण्याची, आणि ती जुनी होती, सवयीची होती. तिनं दुसरीला मागे ढकललं. तो गप्प बसला. एकटाच कुंपणाकाठानं सरपटत राहिला, आणि प्रत्येक थांब्यावर त्याची नजर माळावर पडलेल्या त्या शिपायाकडे जात राहिली. डाव लवकर संपावा म्हणून त्यानं देवाला विनवलं. डाव काही लवकर संपला नाही.

संपला तेव्हा मेलेले सगळे बोलू लागले. कालेवी बोलला नाही.

"कालेवी?" आता हिल्कानं हाक मारली.

"गेला असेल मोरीत," ओस्सी म्हणाला, पण त्याचा भोंगा उतरला होता.

यार्मोनं कालेवीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग त्याची पाचावर धारण बसली. त्यानं तातडीच्या मदतीचा एकशेबारा फिरवला, बोबडी वळलेली, पलीकडची बाई तीनदा विचारते, पत्ता काय, आडनाव काय? आडनाव! चार वर्षं ज्याच्या भरवशावर धावलो त्याचं आडनाव यार्मोला माहीत नव्हतं. त्यानं पिवळी टपालपेटी सांगितली, वळण सांगितलं. रुग्णवाहिका दूरच्या अपघातावर आहे, निघते, पण तास लागेल, असं बाई म्हणाली.

रौनी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तास लागेल म्हणतात," यार्मो म्हणाला.

"मग तू इथे काय उभा आहेस?"

"रौनी, तो मेला असला तर? मी दार उघडलं आणि तो…"

"आणि नसला तर?" तिनं गाडीची किल्ली त्याच्या हातात कोंबली. "जा, माझ्या राजा. भी हवं तेवढं, पण गाडीत बसून भी."

निघण्याआधी यार्मो हेडफोनमध्ये ओरडला, "ओस्सी! खेळ बंद करू नका. त्याच्या कानावर हेडफोन असेल. बोलत राहा त्याच्याशी!"

"काय बोलू?"

"काहीही बोल!"

पिवळ्या पेटीपाशी तो या वेळी वळला. वाट म्हणजे नुसती लापशी. थोडं पुढे जाऊन गाडीची चाकं रुतली, फिरत राहिली आणि बसली. यार्मो उतरला. पुढे सूचिपर्णी झाडांचा काळा घोळका, वाटेवर पाणी, आणि घराचा पत्ता नाही. या दिवसांत अस्वलं जागी होतात, हेही त्याला नेमकं तेव्हाच आठवलं. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, यार्मोच्या पाठी अख्खं जंगल लागलं होतं. तो त्या झाडापर्यंत धावला. मग पुढच्या झाडापर्यंत. सबंध वाटेकडे त्यानं बघितलंच नाही. एकदा घोटाभर चिखलात तोंडावर पडला आणि रडला, मोठ्यानं, लहान मुलासारखा. मग उठला.

दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात कॉफीचा वास, आतल्या खोलीतून बारीक आवाज येत होता. यार्मोला वाटलं कालेवीच बोलतोय, आणि त्याच्या जिवात जीव आला. आत बघितलं तर खुर्ची कलंडलेली, आणि जमिनीवर एक बुटका, जाडजूड, टक्कल पडलेला म्हातारा एका कुशीवर पडलेला. यार्मोनं मनात रंगवलेला कालेवी उंच होता. हेडफोन अजून एका कानाला होता आणि त्यातून ओस्सी बोलत होता. सांगण्यासारखं सगळं संपल्यावर त्यानं वेल्डिंगचं पाठ्यपुस्तक उघडलं होतं. "…जोड देण्याआधी दोन्ही कडा घासून स्वच्छ कराव्यात, कालेवी, ऐकतोयस ना, गंज राहिल्यास जोड धरत नाही…" आवाज रडका झाला होता, पण थांबत नव्हता.

म्हाताऱ्याचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं. डोळे उघडे होते. ते यार्मोकडे वळले.

यार्मो त्याच्याशेजारी जमिनीवर बसला आणि त्याचा थंड हात धरला. धीर द्यायचा असतो, भिऊ नकोस म्हणायचं असतं, हे त्याला माहीत होतं. तोंडातून निघेना. "मी यार्मो," तो म्हणाला. "कालेवी, मला फार भीती वाटतेय. पण मी इथून हलत नाही." आणि रुग्णवाहिकेतली माणसं चिखल तुडवत येईपर्यंत तो हलला नाही.

कालेवी जगला. पक्षाघातानं उजवी बाजू गेली, वाचाही गेली, आणि आणखी लवकर आणला असता तर, असं एक तरुण डॉक्टरीण सहज बोलून गेली. तिला काय माहीत, ते वाक्य कुणाच्या काळजात जाऊन रुतलं. यार्मो दर रविवारी इस्पितळात जाऊ लागला. खुर्चीत बसायचा, हवापाण्याचं बोलायचा आणि जे विचारायचं ते न विचारता उठायचा. तोवर ओस्सीनं आपला कायदा गुपचूप मोडीत काढला होता.

मे महिन्यात एका रविवारी यार्मोनं धीर केला.

"कालेवी. तू पडलास तेव्हा… आमचं बोलणं तुला ऐकू येत होतं?"

कालेवीनं मान हलवली. हो.

"आम्ही हसलो तेही?"

हो.

"मेलेला माणूस बोलत नाही, असं ओस्सी म्हणाला. आणि मी गप्प बसलो. तेही?"

कालेवीचे ओठ जुळू लागले. वाचा हळूहळू परत येत होती, पण दिवसातून दोन-तीनच शब्द जमायचे आणि प्रत्येकासाठी घाम गाळावा लागायचा. यार्मो वाकला. शिवी येईल, नाहीतर क्षमा येईल, दोन्हीची त्याला सारखीच धास्ती होती.

"भीती," कालेवी म्हणाला. श्वास घेतला. "फार… वाटली."

बाकी कशाबद्दल काय बोलावं हे यार्मोला कधी कळलं नव्हतं, पण भीतीबद्दल त्याला जन्मभर ठाऊक होतं. त्यानं कोट काढून खुंटीला लावला, खुर्ची पलंगाला टेकवली, आणि भेटीची वेळ संपली असं सांगायला परिचारिका आली तेव्हा तिला म्हणाला, आज मी इथेच थांबतो.