देवी आलेला पाटा

लग्नात आईनं मला पाटा दिला. सिंदेवाहीकडच्या आमच्या गावच्या नाल्यातला दगड, बैलगाडीत घालून आणलेला. सासूनं त्याच्यावर हात फिरवला. अंगभर तुरीएवढे लाल दाणे, हाताला लागणारे.

"याले देवी आली होती," ती म्हणाली. "सैपाकघरात नाई जावाचा हा."

तिची दोन लेकरं देवीच्या रोगानं गेली होती. मी वाद घातला नाही. पाटा न्हाणीपाशी पडला, धुणं आपटायला. दुसरा कोणी आणून दिला नाही. मिरच्यांची वाटी घेऊन मी रोज शेजारणीकडे वाटायला जायची.

"आली का वो, फोड्यावाली?" ती विचारायची. हसून विचारायची, पण रोज विचारायची. सासू मेल्यावरही मी जात राहिले. सवय झाली होती. पुढे मिक्सर आला.

यंदा उन्हाळ्यात दगडांचा सर्व्हे करणारी एक पोरगी पाणी मागायला आली. पाणी राहिलं बाजूला, पाट्यापाशी उकिडवी बसली आणि डोळ्याला भिंग लावलं.

"आजी, हा कधीकाळी चिखल होता."

"मंग?"

"जमिनीत खूप खोल गेला. भोवती आच, वरून वजन. वितळला नाही, पण त्यातूनच हे दाणे झाले. गार्नेट म्हणतात यांना. तेवढी आच, तेवढा दाब असल्याशिवाय होत नाहीत. दाण्याचा गाभा आधीचा, कड नंतरची. कापून तपासलं की कधी किती सोसलं ते कळतं. वर येऊन थंड झाला तरी ते पुसलं जात नाही."

"म्हंजे देवी नाई?"

तिला कळलं नाही. मी सगळं सांगितलं. ती हसली नाही, हे बरं केलं.

"रोग नाही, आजी. पाण्यानं मऊ भाग झिजला. दाणे कडक, म्हणून वर राहिले."

तिला एक कोपरा फोडून हवा होता. "घे," म्हटलं, "पण वाटाची जागा सोड."

ती गेल्यावर सुनेला हाक मारली. "एका बाजूनं धर. आत नेऊ."

"आता काऊन, आई? मिक्सर आहे ना."

"धर म्हटलं ना."

"माही कंबर जाईन."

"माही गेली तवा कोनं विचारलं?"

पाटा राखेनं घासून आत घेतला. वरवंटा कधीच हरवला होता. गोल गोटा घेऊन मिरच्या वाटायला बसले. दहा-बारा हात मारले आणि दमले. उरलेल्या मिरच्या सुनेनं मिक्सरमध्ये फिरवल्या.

पाटा मात्र आतच आहे.